बोलणाऱ्यांची नावं

इतिहासाच्या मास्तराला शाळेत काय किंमत असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गणिताचे सर दोन दिवस आले नाहीत तर पालक चौकशीला येतात. इंग्रजीच्या बाई रजेवर गेल्या तर सरपंच फोन करतो. इतिहासाचा मास्तर महिनाभर गायब झाला तर पोरांना वाटतं, खेळाचा तास वाढवून मिळाला. निवडणुकीची ड्यूटी इतिहासाला, जनगणना इतिहासाला, शौचालयांचा सर्व्हे इतिहासाला. एकदा गावातली मोकाट कुत्री मोजायचं पत्र आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये येऊन माझ्याकडं नुसतं बघितलं. मी वही उचलली आणि निघालो.

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात अशी मी छत्तीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी नारळ, शाल आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी बसलो. संपादकांचा फोन आला, ‘अध्यापनातील आनंददायी क्षण’ यावर दिवाळी अंकासाठी लिहा. आता खरं सांगायचं तर असे क्षण रोज दोनच यायचे, मधल्या सुट्टीची घंटा आणि शेवटची घंटा. त्यावर माणूस किती पानं लिहिणार? म्हणून मी माझ्या एका चुकीबद्दल आणि एका तासाबद्दल लिहितो. चूक पाच वर्षं चालली. तास पस्तीस मिनिटांचा होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा गावात कॉम्रेड म्हणून एकच माणूस होता, शिवलिंगअप्पा. माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे. गळ्यात लिंग आणि त्याच्यावरून लाल मफलर, भर उन्हाळ्यातसुद्धा. कुणी छेडलं की म्हणायचे, "मफलर माझं हाय, लिंग आईचं हाय. आईला नाराज करा असं आमच्या पुस्तकात कुठं लिवलेलं न्हाय." घरी आईशी कानडी, गावात मराठी, आणि भाषणात अशी एक भाषा, जी समोर बसलेल्यांतल्या कुणालाच कळायची नाही. लोक भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवायचे. अप्पा तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचे.

पण माणूस पोकळ नव्हता. ढोकीच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या, एखाद्या बाईचा हात गाडीखाली सापडला, की मुकादम आधी पळायचा आणि अप्पा सायकलवर पोचायचे. दवाखाना, पंचनामा, धाराशिवला कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर ठिय्या. बाईला भरपाई मिळेपर्यंत हा गडी घरी जेवायला यायचा नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका.

तर या अप्पांकडं रशियाहून छापून आलेलं मराठी मासिक यायचं. गुळगुळीत कागद, झकास रंग, आतमध्ये हसणारी माणसं. अप्पा गठ्ठाच्या गठ्ठा शाळेत आणून टाकायचे. आमच्या पोरांनी त्याचा खरा उपयोग लगेच ओळखला: वह्यांना कव्हरं घालायची. वर्तमानपत्राचं कव्हर आठ दिवसांत फाटतं, रशियाचं वर्षभर टिकतं. भूमितीच्या वहीवर धरण, मराठीच्या वहीवर बर्फातली घोडागाडी. ज्याच्या वहीला रशियाचं कव्हर तो वर्गातला सावकार.

मी स्वतः काय केलं? बावीस-तेवीसचं वय, मिशी नवी, अक्कल कच्ची. मी त्यातलं एक चित्र आठवीच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं. गव्हाच्या पेंढ्या छातीशी धरून हसणारी एक लालबुंद बाई. आणि दरवर्षी तिच्याकडं पट्टी करून सांगायचो, या देशात कुणी उपाशी नाही, कुणी बेकार नाही, कुणाला कुणाचं ऐकून घ्यावं लागत नाही. कुठून कळलं? मासिकातून. मासिक कुणी छापलं? त्यांनीच. हा प्रश्न इतिहासाच्या मास्तराला पडायला हवा होता. त्याला त्याचाच पगार मिळतो.

तो प्रश्न पडला एका पोरीला. संगीता, आठवी, दुसरा बाक. उभी राहून म्हणाली, "सर, तिथं तक्रार कुणीच करत न्हाय का?"

मी रुबाबात म्हणालो, "तक्रारीला जागाच नाही, तर करणार कशाची?"

वर्ग खो खो हसला. संगीता खाली बसली आणि शेजारणीशी काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात मला ऑफिसात बोलावणं आलं. परत आलो तर फळ्यावर कोपऱ्यात चौकट आखून ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहिलेलं, आणि खाली एकच नाव, संगीता, पुढं तीन फुल्या.

ही पद्धत ठाऊक नसलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. तरी कॉन्व्हेंटवाल्यांसाठी सांगतो. मास्तर वर्गाबाहेर गेला की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो आणि जो बोलेल त्याचं नाव लिहितो. पुन्हा बोलला तर फुली, आणखी बोलला तर आणखी फुली. मास्तर परत येऊन फुल्यांच्या हिशोबानं छड्या देतो. कोण खरंच बोललं, कोण नुसतं खोकलं, याची चौकशी होत नाही. मॉनिटरशी भांडण असेल तर नाव लागतं, चिंच दिली तर पुसलं जातं. चाळीस पोरं चूप ठेवायला मास्तर लागत नाही. एक खडू पुरतो.

त्या दिवशी मी संगीताला तीन छड्या दिल्या. हळूच दिल्या, असं पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

मग तो देशच मोडला. मासिक बंद पडलं. शाळेत त्याबद्दल एकच प्रतिक्रिया आली, "सर, आता कव्हर कशाचं घालायचं?" मी मात्र हादरलो, आणि धाराशिवला जाऊन ग्रंथालयातून पुस्तकं आणू लागलो. इंग्रजी यथातथाच, मांडीवर डिक्शनरी. एसटीत वाचायचो, ग्रामसभेत मागं बसून वाचायचो. आणि कळत गेलं की माझी ती पेंढीवाली बाई ज्या गव्हाच्या मुलखातली, त्याच मुलखात एके काळी सरकारनं घराघरातून धान्य उचलून नेलं होतं, बियाण्यासकट. लोकांनी गवत खाल्लं, झाडांच्या साली खाल्ल्या, आणि मेले. ज्या गावानं ठरवलेलं धान्य दिलं नाही त्या गावाचं नाव काळ्या फळ्यावर लागायचं. मी बनवून सांगत नाही, तिथं त्याला काळा फळाच म्हणायचे. एकदा नाव लागलं की गावातलं दुकान बंद. मीठ नाही, काडेपेटी नाही, काही नाही.

मग वाचनच लागलं. कंबोडियात चष्मा म्हणजे शिकलेला आणि शिकलेला म्हणजे शत्रू. चीनमध्ये आधी शेतकरी उपाशी मारले, पुढं शाळेतल्या पोरांनी आपल्याच मास्तरांच्या डोक्यावर कागदी टोप्या घालून वरात काढली. हे वाचलं त्या दिवशी मी नववीच्या वर्गात जरा बिचकतच शिरलो होतो.

एवढं कळल्यावर मी काय केलं असेल? काहीच नाही. पाठ्यपुस्तकात त्या सगळ्यावर जेमतेम तीन ओळी असायच्या. त्या वाचायच्या आणि पुढच्या धड्यावर उडी मारायची. अप्पा रोज संध्याकाळी पारावर भेटायचे, चहा व्हायचा, जगातल्या सगळ्या विषयांवर वाद व्हायचे, हा एक सोडून. मला ठाऊक होतं, हे काढलं तर अप्पा दुखावणार. पस्तीस वर्षांची बैठक. गावात माझ्याशी पुस्तकांवर बोलणारा दुसरा कोण होता? त्या चहासाठी मी गप्प बसलो. भित्रेपणाच तो, दुसरा शब्द नाही.

नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. नववीची मॉनिटर होती प्रणिता. एकदा हजेरी झाल्यावर टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, आई इचारत होती, सर अजून त्या रशियाच्या बाईचं सांगत्यात का?"

"कोण गं तुझी आई?"

"संगीता. ती म्हणती, तुमी तिला मारलं होतं."

पोरगी हसत सांगत होती, गंमत म्हणून. मी मात्र मिटलेली हजेरी उगाच पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी मी परिपाठात सुरुवात केली. परिपाठ म्हणजे सकाळची प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष वगैरे, पोरं उन्हात उभी आणि मास्तर सावलीत. दिनविशेषाची पाच मिनिटं माझ्याकडं होती. थोर पुरुषांच्या जयंत्या बाजूला ठेवून मी आठवडाभर त्या मेलेल्या माणसांबद्दल सांगितलं. पोरं चक्क ऐकत होती. बियाणं उचलून नेलं म्हणजे काय होतं, हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

मुख्याध्यापक कासावीस. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सर, याचं वरून काही पत्र आलंय का?"

"नाही."

"मग कशाला? पत्र नसताना दुःख करायची काय गरज आहे?"

गावातले काही जण उलट खूश झाले. एका दुकानदारानं तर मला बोलावून पेढा दिला, म्हणाला, "बरं केलं गुरुजी, लाल्यांची चांगली जिरवली." मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, "शेठ, नावं लिहायला कुठल्याही रंगाचा खडू चालतो." ते बिचारे विचारात पडले. पेढा मात्र छान होता.

आणि शनिवारी अप्पा शाळेत आले. पंचाहत्तरीचं वय, हातात काठी, पटांगण ओलांडून सरळ माझ्यापुढं.

"मास्तर, पोरास्नी काय सांगतोस?"

"जे झालं ते सांगतोय, अप्पा."

"तू बगितलं व्हतंस?"

"पेंढीवाल्या बाईला तरी कुठं बघितलं होतं? तरी पाच वर्षं सांगितलंच की."

अप्पांनी काठी जमिनीवर आपटली. "सोमवारी तुझ्या वर्गात येऊन बसतो. एक शबुद जरी खोटा निगाला, तर पोरांदेखत उठून सांगीन. अन मग पारावर माझ्या शेजारी बसायचं न्हाय. मेलो तर मातीला यायचं न्हाय." एवढं बोलून निघाले. फाटकापाशी थांबून परत वळले, "कितवा तास?"

"तिसरा," मी म्हणालो.

सोमवारी तिसऱ्या तासाला अप्पा शेवटच्या बाकावर, काठी मांडीवर. मी पोरांना म्हणालो, आज असं समजायचं की मास्तर वर्गात नाही, सरकार आलंय. प्रणिताच्या हातात खडू. मी एकेक नियम सांगणार, नियमात जो बसेल त्याचं नाव फळ्यावर, आणि नाव लागलं की उभं राहायचं. पोरं खुशीत आली. अभ्यास नाही म्हटल्यावर ती कुठल्याही सरकारला तयार असतात.

पहिला नियम तिकडचाच घेतला. ज्याच्या घरी दोन बैल किंवा त्याहून जास्त जनावरं, तो जनतेचा शत्रू. नऊ-दहा जण हसत उभे राहिले. एवढ्यात ओंकार नावाचा एक पोरगा किंचाळला, "सर, ह्यो बसलाय बगा! ह्याचे दोन बैल चुलत्याच्या गोठ्यात बांधल्यात!"

तो दुसरा उसळला, "अन तुझ्या बापाचा ट्रॅक्टर कुणाच्या नावावर हाय, सांगू का?"

पुढची दोन-तीन मिनिटं मला वर्ग आवरेना. कुणाच्या म्हशी किती, कुणाची विहीर कुठं, कुणाच्या मामानं नवा गोठा बांधला, सगळं बाहेर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी कुणालाही दुसऱ्याचं नाव सांगा म्हणून म्हटलं नव्हतं. नियम फक्त स्वतःहून उभं राहायचा होता. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला कसं पकडून दिलं, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो. पोरांनी ते पुस्तक न उघडताच करून दाखवलं.

दुसरा नियम, चष्मा. एकानं पटकन चष्मा काढून खिशात टाकला. शेजारचा ओरडला, "सर, खिशात हाय!" सगळा वर्ग हसला, मीही हसलो, आणि मग थांबलो. मी त्यांना सांगितलं, कंबोडियात माणसांनी असेच चष्मे लपवले होते. चष्मेवाला उभा राहिला.

तिसरा नियम, ज्याच्या घरी देवाचं कुणी करतं. खंडोबाचं देऊळ दोन पावलांवर असलेल्या भागात हा नियम लावल्यावर बसणार कोण? बाकं जवळजवळ रिकामी. चौथा नियम, ज्यानं मुख्याध्यापकांवर विनोद केलाय तो. तिकडं पुढाऱ्यावरच्या एका विनोदापायी माणूस वर्षानुवर्षं बर्फात खडी फोडायला जायचा. इथं उरलेला सगळा वर्ग एकमेकांकडं बोटं दाखवू लागला, आणि नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक दारात. "कसले विनोद?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. भीतीचा तास मला आणखी वेगळा घ्यावा लागला नाही.

मुख्याध्यापक गेले. प्रणितानं तेवढ्यात हळूच आपल्या मैत्रिणीचं नाव पुसलं. "पार्शालिटी! पार्शालिटी!" वर्ग पेटला. ओंकारनं धावत जाऊन तिच्या हातातला खडू घेतला आणि सगळ्यांच्या वर तिचंच नाव लिहिलं, चार फुल्या. प्रणिता रडकुंडीला आली. "सर, मी तर तुमी सांगितलं तेच करत होते ना?"

मी म्हणालो, "बाई, नावं लिहिणारेसुद्धा असेच गेले. तेही हेच म्हणाले."

आता वर्गात बसलेला एकच माणूस उरला होता. ओंकारच्या ते ध्यानात आलं. तो जरा चाचरला, पण हातात खडू होता.

"सर, अप्पा राहिले."

"अप्पा पाहुणे आहेत. सोड."

"पण सर, अप्पांच्या गळ्यात लिंग हाय. अन चष्मा पण हाय."

मी अप्पांकडं बघितलं नाही. झालं, पार संपलं, असं मनात म्हटलं. मागं बाक कुरकुरला. अप्पा काठी टेकून उभे राहत होते.

"अप्पा, तुम्ही बसा, पोरगं आहे ते—"

"न्हाय. नियमात बसतंय. लिव रं बाळा." मग गळ्यातलं लिंग मुठीत धरून म्हणाले, "घाल फुली."

त्यांना उभं बघून मला बसवेना. मी फळ्यापुढं आलो आणि पोरांना सगळं सांगून टाकलं. पाच वर्षं काय शिकवलं, एका मुलीनं काय विचारलं, तिला मी काय उत्तर दिलं, आणि मग छड्या दिल्या. म्हणालो, "प्रणिता, ती तुझी आई. तिचा प्रश्न बरोबर होता. मी चुकलो. घरी जाऊन सांग, सरांनी माफी मागितली." छत्तीस वर्षांत पोरांसमोर असं कधी झालं नव्हतं. पोरांना कुठं बघावं कळेना.

मग प्रणितानं डोळे पुसले आणि थेट आईसारखीच मान वर करून मागं बघत विचारलं, "अप्पा, तुमाला ठावं होतं का?"

बाहेर दुसऱ्या वर्गाचे पाढे चालू होते.

"ठावं व्हतं," अप्पा म्हणाले. "म्या तिकडं जाऊन आलोय."

हे मलाही माहीत नव्हतं असं नाही. शेतमजुरांच्या शिष्टमंडळातून अप्पा पंधरा दिवस रशियाला गेले होते, माझ्या नोकरीच्या आधी. त्या दौऱ्याचं वर्णन मी शंभरदा ऐकलंय. विमानातलं जेवण, सामुदायिक शेती, ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाया. पण त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"आमच्यासंगं एक दुभाषी बाई व्हती. नीना. पन्नाशीची. हिंदी लई चोख बोलायची, पुस्तकातली. आमाला शेतं दाखवत फिरायची. शेवटच्या दिशी, बाकीचे मोटारीत बसले, अन ती माझ्यापाशी थांबली. म्हणाली, ये मेरे पिताजी का गाँव था. तिच्या बापाची दोन घोडी व्हती. सरकारची माणसं बियाणं न्यायला आली, तवा ह्यो गडी गावाच्या बैठकीत एवढंच बोलला, की बी नेलंत तर पेरायचं काय? त्याला नेला. परत आला न्हाय. मागं तिची आई अन दोन भावंडं उपाशी मेली. तिनं मला बापाचं नाव सांगितलं. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडनं. अन म्हणाली, मैं यहाँ बोल नहीं सकती. आप अपने देश में जाकर यह नाम किसी से कहिएगा."

अप्पांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

"म्या व्हय म्हणलो," अप्पा पुढं म्हणाले. "अन आल्यावर कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला न्हाय, ह्या मास्तराला न्हाय. उसाच्या फडात बाया इचारायच्या, अप्पा, कुठंतरी आपल्यासारख्यांचं राज्य हाय का ओ? त्यास्नी मी काय सांगू? न्हाय म्हणलो असतो तर त्या उठल्या नसत्या. म्हणून म्या जोरजोरात भाषणं करायचो. लई जोरात बोललं की कुणी काय इचारत न्हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मास्तर खोटं बोलंल म्हणून म्या आलो न्हाय पोरांनो. खरं बोलंल म्हणून भ्यालो व्हतो."

मग काठी टेकत ते फळ्यापाशी आले. ओंकार अजून खडू धरून तिथंच उभा होता, पार गोंधळलेला.

"लिव बाळा. ओस्ताप वेर्बा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं अप्पांच्या नावाखाली लिहिलं, हळूहळू, अक्षर नीट काढत. ‘वेर्बा’चा रफार कुठं द्यायचा म्हणून एकदा पुसलं, पुन्हा लिहिलं. आणि मागं वळून विचारलं, "फुली घालायची का, अप्पा?"

"न्हाय रं," अप्पा म्हणाले. "फुली त्यांनी तवाच घातली. तू नाव तेवढं ऱ्हाऊ दे."

घंटा झाली. गणिताचे सर आले, सवयीनं डस्टर उचललं. एकदम दहा-बारा आवाज उठले, "सर, थांबा ओ, लिवून घ्यायचंय!" सर बिचारे डस्टर धरून उभे. त्यांच्या आयुष्यात फळ्यावरचं काही पोरांनी मागून लिहून घेतलं नव्हतं. आणि त्या गडबडीत कुणीतरी, आमच्या शिक्षणाचा आत्माच म्हणा ना, मला विचारलंच, "सर, हे परीक्षेला येणार का?"

"येणार," मी म्हणालो.

आणि आणलं. सहामाहीचा पेपर मीच काढायचो. मुख्याध्यापकांनी न वाचताच सही केली. प्रश्न पहिला, एका वाक्यात उत्तर लिहा, एक गुण: ओस्ताप वेर्बा कोण होता? त्या सोमवारी गैरहजर असलेल्या एकानं ठोकून दिलं, ‘ओस्ताप वेर्बा हे रशियाचे माजी पंतप्रधान होते.’ बाकीच्यांनी बरोबर लिहिलं. कुणी ‘शेतकरी’, कुणी ‘नीनाबाईंचे वडील’, ओंकारनं ‘दोन घोडी असलेला माणूस’. प्रणितानं लिहिलं होतं, ‘बी नेले तर पेरायचे काय असे विचारणारा माणूस.’

अप्पा त्या सोमवारपासून पारावर आले नव्हते. मी ऐकवायला नाही, दाखवायला म्हणून पेपरांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी गेलो. पेपर असे बाहेर नेणं नियमात बसत नाही, पण माझं नाव फळ्यावर लावायला आता शाळेत उरलंच कोण होतं? अप्पांनी चष्मा लावला आणि पहिल्या पेपरापासून सुरुवात केली. एकेक उत्तर बोट ठेवून वाचत होते. प्रत्येक वेळी ते नाव तोंडानं म्हणत होते, हळू, स्वतःशी. प्रणिताच्या पेपरापाशी बोट थांबलं ते हलेना. माझ्या लाल शाईतल्या गुणांवर टिचकी मारून म्हणाले, "चाळीस वर्सं सांभाळलं म्या. अन तू एकच मार्क देतोस, मास्तर?"

"पोरांना दिला अप्पा. तुमचा पेपर लई उशिरा आला."

त्यांनी चष्मा काढला. डोळे भरले होते, पण आवाज तोच जुना, भांडायला उठलेला.

"अन तुझा?"

मी गठ्ठा बांधायला घेतला. "माझा," मी म्हणालो, "तुमच्यावरून कॉपी करून लिहिलेला. तितकाच उशिरा."